मागून धडक बसल्यास दुचाकीस्वाराने काय करावे?

लखनऊमधील चारबाग, आलमबाग किंवा पॉलिटेक्निक चौक यांसारख्या गजबजलेल्या ठिकाणी सिग्नलपाशी थांबलेल्या मोटारसायकलला मागून धडक बसते, तेव्हा बहुधा मागचा दिवा फुटतो, मडगार्ड वाकते, नंबर प्लेट तुटते. दुचाकीस्वार सुखरूप असतो. मात्र भरपाई कोणी द्यायची, यावरून भर रस्त्यात वाद सुरू होतो. नोकरी किंवा शिक्षणानिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी दुचाकीस्वारांनी अशा वेळी कायद्याची माहिती ठेवणे हिताचे ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ संपूर्ण देशाला लागू आहे आणि महाराष्ट्रात घेतलेली विमा पॉलिसी लखनऊमध्येही ग्राह्य असते.

जबाबदारी कोणाची?

पुढील वाहन अचानक थांबले तरी टक्कर होणार नाही, इतके अंतर राखणे हे मागील चालकाचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निशान सिंग खटल्यात, पुढील ट्रकपासून अवघे दहा ते पंधरा फूट अंतर ठेवणे सुरक्षित नव्हते, असे मत नोंदविले होते. तथापि दुचाकीचा ब्रेक दिवा बंद असेल किंवा ती अकस्मात आडवी वळविली असेल, तर दोषाचा काही भाग तिच्या चालकावरही येऊ शकतो.

घटनास्थळी

प्रथम स्वतःची व सहप्रवाशाची प्रकृती पाहावी. मान व पाठ यांचे दुखणे काही तासांनीही जाणवू शकते. वाहने हलविण्यापूर्वी दोन्ही नंबर प्लेट, धडकेची जागा आणि रस्ता यांची छायाचित्रे घ्यावीत. समोरच्या चालकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक, परवाना आणि विमा पॉलिसीचा तपशील टिपून घ्यावा. एखाद्या साक्षीदाराचा क्रमांक घेतल्यास तो पुढे उपयोगी पडतो.

कायद्याच्या कलम १३४ नुसार केवळ मालमत्तेचे नुकसान झाले असले, तरी संबंधित चालकाने पोलिसांना माहिती देणे आवश्यक आहे. पोलीस उपस्थित नसल्यास त्याने चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात खबर द्यावयाची असते. तो पळून गेल्यास ११२ क्रमांकावर कळवावे. पळून गेलेल्या वाहनाबाबतची सरकारी भरपाई केवळ मृत्यू व गंभीर दुखापतीसाठी असते. वाहनाच्या नुकसानीसाठी ती मिळत नाही. म्हणूनच वाहनाचा क्रमांक टिपणे महत्त्वाचे आहे.

तडजोडीचा मोह

जागीच पाचशे-हजार रुपये घेऊन ‘तक्रार नाही’ असे लिहून देणे सोपे वाटते. पण धडकेमुळे मागील चाकाची रिम, स्विंग आर्म किंवा चेसिस वाकली असल्यास ते वरवर पाहून कळत नाही. चाक डुगडुगणे, साखळी एका बाजूला घासणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे ही त्याची लक्षणे होत. त्यामुळे गॅरेजमधून लेखी अंदाजपत्रक मिळाल्यावरच रक्कम ठरवावी आणि ती घेताना कोणत्या नुकसानीसाठी घेतली, हे कागदावर नमूद करावे.

दावा कोणत्या विम्यावर?

१ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहे. परंतु तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो; त्यातून स्वतःच्या गाडीची दुरुस्ती होत नाही. धडक देणाऱ्याच्या तृतीय पक्ष विम्यातून भरपाई हवी असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. अपघात जेथे झाला किंवा अर्जदार जेथे राहतो, तेथे हा अर्ज करता येतो.

स्वतःच्या सर्वसमावेशक पॉलिसीवरील दावा जलद निकाली निघू शकतो; मात्र आधी हिशेब करावा. समजा, बिल १,८०० रुपयांचे आहे आणि त्यात प्लास्टिकचे भाग १,२०० रुपयांचे आहेत. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा वजा होतो आणि दुचाकीसाठी १०० रुपये मालकाला सोसावे लागतात. म्हणजे हाती १,१०० रुपये येतात. दावा केल्याने नो क्लेम बोनस शून्यावर येतो. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वार्षिक १,५०० रुपये व बोनस ५० टक्के असेल, तर तो पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचेपर्यंत एकूण १,८७५ रुपये जादा भरावे लागतात. अशा वेळी स्वखर्चाने दुरुस्ती करणे किंवा समोरच्याकडून भरपाई घेणे परवडते. चेसिस बदलण्याची वेळ आल्यास मात्र हिशेब उलटतो. दाव्याचा विचार असेल, तर विमा कंपनीला कळविण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये.

कोणताही मार्ग निवडला, तरी मागचा दिवा, दिशादर्शक आणि नंबर प्लेट पूर्ववत झाल्याखेरीज गाडी रात्री रस्त्यावर आणू नये. फुटलेला दिवा पुढच्या धडकेला निमंत्रण ठरू शकतो.