दिवे घाट मला जमेल का? : पुणे–सासवड–बोपदेव सायकल राइडचं साधं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली 'म्हणजे ना', 'तर मग' बरीच कापली आहेत, थोडी राहिली असतील तर चालवून घ्या.

सायकलिंगवर बोललो की हमखास एक प्रश्न येतो: "दिवे घाट मला जमेल का?" आणि त्याच्या मागे दुसरा प्रश्न लपलेला असतो: "ग्रुपमध्ये सगळ्यात मागे राहिलो तर?" या दुसऱ्या प्रश्नापायी कित्येक जणांची चांगली सायकल बाल्कनीत धूळ खात पडते. म्हणून आज दोन्हींचं उत्तर देतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे आकडे येणारच. घाबरू नका, सगळं आठवी-नववीचं गणित आहे.

आधी रस्ता बघू

हडपसरहून निघायचं, वडकीवरून दिवे घाट चढायचा, सासवड गाठायचं, आणि परत येताना चांबळी, भिवरी करत बोपदेव घाटाने कोंढव्यात उतरायचं. सगळं मिळून साधारण 45 किलोमीटर. घरापासून हडपसर आणि कोंढव्यापासून घर हे तुमचं तुम्ही जोडा.

घाट चढून वर आलात की वाटतं, संपलं एकदाचं! पण पुढे रस्ता सपाट नाही, थोडा चढ, थोडा उतार, परत चढ असाच चालतो. याचं कारण पायाखालच्या दगडात आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यालाच आपण दख्खनचा बेसाल्ट म्हणतो. इंग्रजीत याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' हा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. थरांची झीज कमी-जास्त झाली आणि पायऱ्या-पायऱ्यांचा प्रदेश तयार झाला. म्हणजे दिवे घाट ही एक मोठी पायरी. ती चढलो की आपण कऱ्हा नदीच्या खोऱ्यात येतो. हा भाग पर्जन्यछायेचा, म्हणून मोकळी माळरानं दिसतात, आणि पाणी असेल तिथे अंजीर-सीताफळाच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. सीझनमध्ये रस्त्यावर टोपली दिसली तर थांबा.

आता चढाचं गणित

समजा घाट 4 किलोमीटरचा आहे आणि चढ सरासरी 5 टक्के. 5 टक्के म्हणजे 100 मीटर पुढे गेलात की 5 मीटर वर. तर 4 किलोमीटरमध्ये आपण 200 मीटर वर चढणार. तुमचं वजन 75 किलो, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 12 किलो, एकूण 87. एवढं वजन 200 मीटर उचलायला सुमारे 1 लाख 70 हजार ज्यूल लागतात. हा आकडा बदलत नाही. हळू जा, जोरात जा, काम तेवढंच.

बदलते ती फक्त पॉवर, कारण काम भागिले वेळ म्हणजे पॉवर. 20 मिनिटांत चढलात तर सुमारे 142 वॉट. 10 मिनिटांत चढायचं म्हटलं तर 284 वॉट. 30 मिनिटं घेतलीत तर जेमतेम 95 वॉट. वर टायरचं घर्षण आणि हवा यांचे थोडे वॉट जोडा. रोज जिने चढणाऱ्या, धडधाकट माणसाला 30 मिनिटांचा हिशेब झेपण्यासारखा आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घाट जमतो, घाई जमत नाही.

आता गिअर. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते, आणि घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आपल्याकडे जोडी एकच, दोन पाय! जादा जोडी मिळणार नाही, म्हणून गिअर हलका करायचा. पुढे 34 दात्यांची आणि मागे 32 दात्यांची चकती असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण सव्वादोन मीटर जाते. ताशी 12 किलोमीटरने चढायला मिनिटाला 90 फेऱ्या पुरतात. तेच पुढे 50 आणि मागे 25 लावलेत, तर एका फेरीत सव्वाचार मीटर, आणि त्याच वेगाला मिनिटाला फक्त 48 फेऱ्या. वेग सारखाच, पण प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जवळपास दुप्पट जोर. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवा. चढावर ताण देऊन बदलायला गेलात की चेन करकरते आणि कधी कधी उतरते.

आणि हो, खाली पाय टेकून थांबणं म्हणजे हरणं नाही. घाटात वरून मस्तानी तलाव दिसतो. तो बघायला थांबलो असं सांगा, कोणी काही म्हणत नाही.

ॲव्हरेजचा घोळ

ग्रुपवर स्क्रीनशॉट येतो: "ॲव्हरेज 28!" आणि नवा माणूस आपला 18 बघून गप्प बसतो. जरा हिशेब करू. 4 किलोमीटर चढ ताशी 12 ने आणि तोच 4 किलोमीटर उतार ताशी 36 ने. सरासरी किती? 24 म्हणालात ना? नाही, 18. कारण चढाला 20 मिनिटं गेली आणि उताराला सातच्या आत. म्हणजे तुम्ही घड्याळाचा बहुतेक वेळ चढावर काढता, त्यामुळे उतारावर कितीही सुसाट गेलात तरी आकडा फारसा सावरत नाही. सपाट हायवेवरचा 28 आणि पुरंदर तालुक्यातला 18 यांची तुलनाच चुकीची.

दुसरी गोष्ट. स्ट्राव्हासारखी ॲप्स सरासरी काढताना साधारणपणे थांबलेला वेळ धरत नाहीत. म्हणजे देवळासमोर अर्धा तास बसलात तरी तुमचा आकडा पडत नाही. मग न थांबता पळायचं कशाला?

थांबायचं कुठे

सासवडमध्ये कऱ्हा आणि चांबळी नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या, दीपमाळा आणि सकाळची शांतता. सायकल बाहेर लावून बाटलीतलं पाणी संपवायला याहून चांगली जागा नाही. जवळच चांगावटेश्वर आहे. गावात संत सोपानदेवांची समाधी आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये सासवडलाच वारले, आणि आचार्य अत्रे 1898 मध्ये इथून जवळच कोडीतला जन्मले. मिसळीची प्लेट येईपर्यंत एवढा इतिहास पुरे!

पायात दम असेल तर सोनोरीकडे वळा, सासवडहून 6-7 किलोमीटर. गावावरचा मल्हारगड पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी 1757 ते 1760 च्या दरम्यान बांधला. महाराष्ट्रात बांधलेला हा शेवटचा किल्ला मानतात. किल्ला छोटा आहे, पण सायकलचे बूट घालून चढू नका, साधी चप्पल बॅगेत ठेवा.

पुरंदर मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवा. 14 मे 1657 ला संभाजी महाराज तिथे जन्मले, आणि 1665 मध्ये मुरारबाजी देशपांडे तिथेच लढता लढता पडले. त्याच वर्षी मिर्झाराजे जयसिंगांशी तह झाला आणि शिवाजी महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले. नारायणपूरहून वर जाणारा रस्ता खडा आहे आणि किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्र लागतं.

उतार चढापेक्षा जास्त मनावर घ्या

चढताना शरीरच वेग आवरतं. उतरताना कोणी आवरत नाही. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणजे ताशी 20 पेक्षा 40 ला थांबायला साधारण चौपट अंतर. बोपदेव उतरताना वळणं तीव्र आहेत. ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. रिम ब्रेक असतील तर सतत दाबून धरू नका, रिम तापते. दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, परत दाबा. खडी दिसली तर सायकल सरळ ठेवा.

दिवे घाटात अवजड वाहनं असतात. म्हणून उजाडता उजाडता घाटाच्या पायथ्याशी असा आणि 10 पर्यंत परतीला लागा. मागे लाल लाइट दिवसासुद्धा चालू ठेवा, हेल्मेट घाला, आणि इयरफोन लावू नका. हो, आमचा पॉडकास्टसुद्धा नाही! दोन्ही घाटांत अंधारात एकट्याने जाऊ नका. दोन बाटल्या पाणी, दोन केळी, चिक्की, एक जादा ट्यूब आणि पंप एवढं सामान पुरे.

आणि मागे राहिलात तर?

ग्रुपला निघण्याआधीच विचारा: "घाटमाथ्यावर सगळ्यांसाठी थांबणार ना?" हो म्हणाले तर बिनधास्त जा, तुमच्या 30 मिनिटांनी चढा. नाही म्हणाले तर एक मित्र किंवा मैत्रीण गाठा आणि दोघंच जा. घाट तोच आहे, 200 मीटर तेवढेच आहेत, आणि संगमेश्वराच्या पायऱ्यांवर तुम्ही कितवे आलात हे कोणी विचारत नाही.

पुढच्या भागात पंक्चर, तेही रस्त्याच्या कडेला आणि हाताशी कोणी नसताना. तोवर टायरमध्ये हवा भरून ठेवा. भेटू!