पाठीतली नळी तुटते कधी?

बाळंतपणात एपिड्युरल घ्यायचं ठरलं, की घरातलं कुणीतरी भूलतज्ज्ञांना विचारतंच, ‘‘पाठीत घातलेली नळी आतच तुटली तर?’’ प्रश्न रास्त आहे. नळी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, आणि क्वचित का होईना, ती तुटते.

हवानाचे डॉ. मॅन्युएल मार्टिनेझ कुर्बेलो यांच्याकडे १९४७ साली अशी खास नळी नव्हतीच. १३ जानेवारीला त्यांनी मूत्रवाहिनीत घालायची रेशमी नळी टूई सुईतून एका बाईच्या पाठीत सरकवली आणि अंडाशयाची गाठ काढून होईपर्यंत तिच्यातून औषध देता आलं. एका टोचणीवर तासन्‌तास बधिरता! सुईमुळे एडवर्ड टूईंचं नाव आजही शस्त्रक्रियागृहात रोज घेतलं जातं; कुर्बेलो मात्र विस्मरणात गेले. हा अन्यायच आहे.

त्याच सुईत पहिला धोका आहे. तिचं टोक वळलेलं, कड धारदार. टोकाबाहेर गेलेली नळी सुईतून मागे ओढली, तर ती कापली जाऊ शकते. म्हणून शिकाऊ डॉक्टरांना बजावलेलं असतं: नळी अडली तर सुई आणि नळी एकदमच बाहेर काढा.

दुसरा धोका काढतानाचा. नळी मणक्यांमध्ये चेपते, किंवा फार आत गेली असेल तर तिला गाठ बसते. म्हणून आत चार-पाच सेंटिमीटरच ठेवतात. नायलॉनची किंवा पॉलियुरेथेनची नळी ओढल्यावर लगेच तुटत नाही. भाजीच्या पिशवीचा प्लॅस्टिकचा कान ओझ्याने लांबतो, तशी ती आधी लांबते, एका जागी बारीक होते आणि मग सगळा ताण तिथेच येतो. नळी ताणली जाऊ लागली की हात थांबवायचा. जोर लावण्यापेक्षा रुग्णाला कुशीवर वळवणं बरं. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया’तल्या १९९४च्या अभ्यासात, बसलेल्या रुग्णाची नळी काढायला कुशीवर झोपलेल्यापेक्षा सुमारे अडीचपट जोर लागला होता.

नळी बाहेर आली, की टोकावरची खूण शाबूत आहे ना, हे भूलतज्ज्ञ निरखून बघतात. तुकडा राहिलाच, तर सीटी स्कॅन करून जागा शोधतात. हे प्लॅस्टिक शरीराला सहसा बाधत नाही, त्यामुळे त्रास नसेल तर तुकडा बहुधा तसाच ठेवतात. पायात मुंग्या, अशक्तपणा किंवा संसर्गाची लक्षणं दिसली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. बाईला मात्र हे सगळं स्पष्ट सांगायचं आणि केसपेपरवर लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे पाठ दुखली तर तपासणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक असेल.