जांभ्याचे बारसे

विद्यापीठाचे शिलासंग्रहालय मुलाला दाखवून परतलेल्या रत्नागिरीच्या एका वाचकगृहस्थांनी किंचित रुष्ट होऊन विचारले आहे की, वाघोलीच्या निळ्याभोर कॅव्हन्साइटला दिव्याखालचे आसन मिळते, तर ज्याच्या चिऱ्यांवर कोकणातली घरे उभी आहेत त्या जांभ्याला तळच्या फडताळाचा कोपरा का, आणि चिठ्ठीवर 'लॅटेराइट' हे परके नाव का? कोपऱ्याचे कारण उघड आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टमधून पावसाने सिलिका, चुना आणि मॅग्नेशिया धुऊन नेल्यावर मागे उरलेले लोह व अ‍ॅल्युमिनियम म्हणजे जांभा. त्याला झळाळी यावी कोठून?

नावाची हकीकत मात्र रसाळ आहे. टिपूच्या पाडावानंतर हाती आलेल्या मुलखाची पाहणी करण्याचा गव्हर्नर जनरल वेलस्लीचा हुकूम घेऊन १८०० साली मद्रासहून निघालेला कंपनी सरकारचा डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन मलबारात अंगाडिपुरमला पोहोचला, तेव्हा त्याला आढळले की, हा दगड खाणीत असेतोवर लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्या हवेत राहिला की विटेसारखा टणक होतो. (ओल सुकताना त्यातील लोहसंयुगे घट्ट जखडली जातात, आमच्या चिरेखाणीवरचा कोणीही कामगार हा अनुभव सांगेल.) १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने 'लेटर', म्हणजे वीट, या लॅटिन शब्दावरून दगडाचे बारसे केले. पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. परंतु त्याच ठिकाणी बुकॅननने प्रांजळपणे नोंदवले आहे की, देशी भाषांत यास 'इटिका कल्लु', म्हणजे वीट-दगड, म्हणतात! तेव्हा हे नामकरण कसले, हे तर भाषांतर. आणि ती 'इटिका' म्हणजे संस्कृत इष्टिकाच, जिच्या गोतातली आपली वीट. अंगाडिपुरमला १९७९ साली स्मारक उभे राहिले, ते अर्थात बुकॅननचे.

मुलाचाही एक प्रश्न आहे: जांभ्यात जीवाश्म सापडतात का? एवढ्या धुण्यातून ठसा टिकणे दुरापास्त. पण रत्नागिरीत जांभ्याच्या थराखाली निळसर चिकणमाती आणि लिग्नाइट आहे, व त्यात प्राचीन पानांचे ठसे आहेत. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर याचे श्रेय कोणाच्या नावे असेल ते असो, हा थर प्रथम उजेडात आला तो विहिरी खणणाऱ्यांच्या टोपल्यांतून.