आजोबांच्या नावाने आलेली नोटीस

सोमवारची सकाळ. क्लायंटच्या कॉलला दहा मिनिटं बाकी, हातात कॉफीचा मग, आणि फॅमिली ग्रुपवर एक फोटो टपकला. वाटलं, कुणाच्या तरी बारशाचा असेल. बघते तर नगरपरिषदेची नोटीस! इमारत मोडकळीस आली आहे, तात्काळ दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या. आणि नाव कुणाचं? आमच्या आजोबांचं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

अर्ध्या तासात फोटोखाली सतरा अंगठे आले. उत्तर एकाचंही नाही.

वाडा धाराशिव जिल्ह्यातला. (तेच हो, २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद.) गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भावकी वाचते. जिल्ह्यात आठ नगरपरिषदा आहेत, त्यातली एक, एवढं पुरे. वाड्याचे वारस नऊ. चार पुण्यात, दोन मुंबईत, एक हैदराबादला, एक बंगळुरूला. गावात फक्त काका, तेही नव्या कॉलनीत. वाड्यात राहतं कोण? पुढच्या खोलीतले टेलरकाका. भाडं महिना दीडशे रुपये, तेही बापाच्या काळापासून.

मी काकांना फोन लावला.

"अगं, दर पावसाळ्याच्या तोंडाला येतीय ती नोटीस. एवढं काय घाबरायलीस?"

"आणि वाडा पडला तर?"

"पडला तर पडू दे की. कोण राहतंय तिथं?"

"टेलरकाका!"

पलीकडून आवाजच नाही.

मग मी काय करते? जी कुठलीही मासकॉमवाली मुलगी करेल तेच. कायदा वाचायला घेतला. महापालिका नसलेल्या शहरांना १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो. त्याचं कलम १९५ म्हणतं की पडायला आलेली, लोकांना धोक्याची इमारत दिसली की मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. त्याने काही केलं नाही तर नगरपरिषद स्वतः ती उतरवू शकते आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकते. कागदावर एकदम कडक. पण मालक म्हणजे कोण? घरपट्टीच्या रजिस्टरवर आजोबा, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पणजोबा. वारसनोंद करायला कुणाला वेळ मिळालेला नाही. माणूस जागेवर नाही, मग नोटीस भिंतीला चिकटते, आणि पावसात भिंतीआधी नोटीसच गळून पडते.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. सगळ्यात धोकादायक इमारत 'सी-१' ठरली की ती रिकामी करायची. आमच्या वाड्याला कुणी इंजिनीअर शेवटचा कधी दाखवला, हे काकांनाही आठवेना. आणि जुनंच पडतं असंही नाही. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. ती दहा वर्षांचीही नव्हती.

पण आमच्या भागात वाडा पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. लोकांना मारलं ते घरांनी. दोन-अडीच फुटी भिंती, दगड आणि मातीच्या. दोन्ही अंगांना बांधून धरणारे लांब दगड नाहीत. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. गळायला लागलं की अजून माती टाकायची. दरवर्षी छप्पर जड होत जायचं. भिंती फाकल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं.

आमचा वाडा अगदी तसाच आहे. १९९३ ला वाचला, म्हणून सगळ्यांना तो पक्का वाटतो.

शनिवारी गाडी काढून गेले. फ्लॅट घेताना रेराचा नंबर तीनदा तपासणारी मी, आणि स्वतःच्या घरात मान वर करून पहिल्यांदाच बघत होते. मधल्या खोलीची तुळई वाळवीने पोखरलेली. मागच्या भिंतीला पोट आलेलं. टेलरकाका मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होते.

"तुम्ही इथे झोपता कसे?"

"दाराच्या तोंडाशी झोपतो, ताई. पळायला बरं."

"मग सोडत का नाही?"

ते हसले. "सोडलं की माझी जागा गेली. तुमचे काका मला परत घेत्याल व्हय?"

घ्या! काका वाट बघतायत वाडा पडायची, म्हणजे भाडेकरू आपोआप जाईल. टेलरकाका हलत नाहीत, कारण हलले तर हक्क जाईल. तेवढ्यासाठी दोघं मिळून एक जीव पणाला लावून बसलेले. गंमत म्हणजे काकांचा हिशोबही चुकलाय. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच म्हटलंय. हे मी काकांना सांगितलं. चहा निवून गेला, पण त्यांनी ऐकून घेतलं.

त्या रात्री ग्रुपवर अंगठे न मागता मी एकेकाला फोन केला. हैदराबादच्या आत्याने सगळ्यात आधी होकार दिला, पुण्याच्या दादाने सगळ्यात शेवटी, तेही "माझ्या वाट्याला किती?" असं विचारून. तीन आठवड्यांत नऊ सह्या झाल्या. टेलरकाकांच्या खोलीचं माप घेतलं, किती फूट बाय किती, ते कागदावर लिहिलं, आणि नव्या बांधकामात तेवढीच जागा त्यांची, यावर काकांनी सही केली. सहीच्या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, ते सोडा.

मशीन आता काकांच्या कॉलनीतल्या पोर्चमध्ये आहे. माळवदाची माती उतरवायला सुरुवात झाली तेव्हा मी तिथेच होते. संध्याकाळपर्यंत सहा ट्रॉल्या भरल्या, आणि अजून मधली खोली बाकी होती.