पित्ताम्ले : शरीराची एक काटकसर

पित्त हा शब्द आपल्या मराठी घरांत फार सैलपणे वापरला जातो. छातीत जळजळ झाली की 'पित्त झाले', अंगावर गांधी आल्या की 'पित्त उठले', आणि कोणी संतापला की 'त्याचे पित्त खवळले'. यांपैकी पहिल्यात दोष जठरातील अम्लाचा असतो, दुसऱ्यात बहुधा ॲलर्जीचा, आणि तिसऱ्यात स्वभावाचा. आयुर्वेदातील पित्त ही एक व्यापक कल्पना आहे. तिचा विचार आम्ही येथे करीत नाही. यकृतात प्रत्यक्ष तयार होणारा जो पिवळसर-हिरवा कडू रस, त्यातील पित्ताम्ले आपल्या शरीरात काय करतात, एवढाच आमचा विषय. तो केवळ कुतूहलाचा नाही. 'पित्त' या शब्दाच्या घोळामुळे घरोघरी एका धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष होते. तिच्याकडे आपल्याला शेवटी यावयाचे आहे.

यकृत दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात त्यातील बराच भाग पित्ताशयात साठून दाट होतो, आणि स्निग्ध अन्न आतड्यात उतरताच पित्ताशय आकुंचन पावून तो खाली सोडते. तेथे पित्ताम्लांचे काम काय, हे समजण्यासाठी दिवाळीचे अभ्यंगस्नान आठवावे. तेल लावलेल्या अंगावर नुसते पाणी ओतले तर ते ओघळून जाते. शिकेकाई चोळली म्हणजे तेलाचे बारीक कण सुटे होऊन पाण्याबरोबर वाहू लागतात. पित्ताम्लांचेही तसेच आहे. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याशी जुळते, दुसरी तेलाशी. म्हणूनच वरणावरचे तूप पचून रक्तात जाते, आणि त्याच्याबरोबर अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही जातात. पित्ताचा मार्ग तुंबला की के जीवनसत्त्व मिळेनासे होते व रक्त नीट गोठत नाही. अशा काविळीच्या रोग्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी डॉक्टर रक्त गोठण्याची परीक्षा करतात, त्याचे कारण हेच.

आता काटकसरीकडे वळू. यकृत पित्ताम्ले तयार करते ती कोलेस्टेरॉलपासून. शरीरात ती एकूण असतात फक्त तीन ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा भांडवलावर दिवसभराचे काम कसे भागते? विहिरीवरच्या रहाटगाडग्याची गाडगी जशी तीच ती पुन्हा खाली जातात व भरून वर येतात, तशी ही पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन रक्तावाटे यकृताकडे परततात आणि पुन्हा कामाला लागतात. दिवसातून सहा ते दहा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत शंभरातील सुमारे पंचाण्णव भाग परत मिळतात. दिवसाकाठी अर्धा ग्रॅमच्या आसपास मळावाटे जातात आणि तेवढीच यकृत नव्याने घडवते. नवी किती घडवावयाची याचा निरोपही पित्ताम्लेच देतात; पेशींच्या केंद्रकात त्यांना ओळखणारा एक ग्राहक असतो, हे १९९९ साली उघडकीस आले.

या फेऱ्या कोठे तुटतात हे पाहिले की पुष्कळ रोगांचा उलगडा होतो. क्षयामुळे लहान आतड्याचा शेवटचा भाग काढावा लागला, तर पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. वैद्यकाने या हानीचाच उपयोगही करून घेतला. कोलेस्टिरामीन हे औषध आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते व बाहेर नेते. मग तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. अमेरिकेत ३८०६ पुरुषांवर सात वर्षांहून अधिक काळ हा प्रयोग झाला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके व त्याने होणारे मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी होते. पुढे स्टॅटिन औषधांनी त्याची जागा घेतली. पण रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवले की हृदयाचे रक्षण होते, याचा भक्कम पुरावा या प्रयोगाने दिला.

याउलट पित्ताम्ले औषध म्हणून पोटातही देतात. पित्तात कोलेस्टेरॉल विरघळून राहते ते पित्ताम्लांच्या साह्याने. प्रमाण बिघडले की खडे धरतात. १९७२ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी एक पित्ताम्ल पोटात देऊन असे खडे विरघळतात हे दाखविले. पुढे अस्वलाच्या पित्तात आढळणारे दुसरे, अधिक सौम्य पित्ताम्ल वापरात आले. ते आता कारखान्यात तयार होते. खडे लहान व कोलेस्टेरॉलचे असले तरच त्याचा उपयोग होतो, महिनेच्या महिने लागतात, आणि खडे पुन्हा होऊ शकतात. म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांवर आज मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. यकृताच्या काही जुनाट विकारांत मात्र हे औषध फार उपयोगी पडते.

आता ती सूचना. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही स्त्रियांच्या तळहातांना व तळपायांना विलक्षण खाज सुटते. रात्री ती वाढते, झोप लागू देत नाही. घरातील वडील मंडळी म्हणतात, "पित्त उठले असेल, आमसुलाचे पाणी लावा." पण पित्त उठले म्हणजे अंगावर गांधी येतात, येथे खाजवल्याच्या ओरखड्यांवाचून कातडीवर काहीच दिसत नाही. येथे दोष खरोखरच पित्ताचा असू शकतो. यकृतातून पित्ताचा निचरा मंदावून पित्ताम्ले रक्तात साचतात. रक्त तपासून ती मोजता येतात. पुष्कळ जणींत ती बेताचीच वाढतात. परंतु लिटरमागे शंभर मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक झाली, तर मूल पोटातच दगावण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसून आले. वेळीच कळले तर डॉक्टर प्रसूती केव्हा करावी याचा निर्णय करू शकतात.

तशीच गोष्ट तान्ह्या मुलाची. कावीळ दोन आठवड्यांपलीकडे टिकली आणि शी शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होऊ लागली, तर पित्त आतड्यात उतरत नसल्याची शंका घ्यावी. पित्तनलिका बंद असेल तर जपानमधील मोरिओ कासाई यांनी शोधून काढलेली शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. पण ती शक्यतो मूल साठ दिवसांचे होण्याच्या आत व्हावी लागते. अशा वेळी उन्हात धरून वा गळ्यात माळ बांधून दिवस घालवू नयेत.

या दोन्ही गोष्टी ओळखण्यास यंत्र लागत नाही. पहिली त्या स्त्रीच्या तक्रारीवरून कळते, दुसरी बाळाच्या लंगोटावरून. त्यानंतर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढीच आमची विनंती आहे.