गटाबाहेर काढण्याचा अधिकार

सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांची पाने कापून नेणारा वाचक क्वचितच आढळतो. तरीही त्याच्यामुळे उरलेल्या सर्वांची गैरसोय होते आणि पुस्तके जपून वापरणाऱ्यांचाही उत्साह हळूहळू मावळतो. अशा वाचकाचे सभासदत्व रद्द करण्याची मोकळीक ग्रंथपालास असावी काय? आणि ती त्याला कोणी द्यावी? प्रश्न वरवर कारकुनी स्वरूपाचा दिसतो. वस्तुतः तो समूहजीवनाच्या मुळाशी जाणारा आहे. अलीकडील काही दशकांत शास्त्रज्ञांनी त्याचा विचार प्रत्यक्ष प्रयोगांच्या साहाय्याने केला आहे.

अर्न्स्ट फेर व सायमन गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रथम पाहू. त्यात २४० विद्यार्थी सहभागी झाले होते. चार-चार जणांचे गट पाडून प्रत्येकास २० नाणी देण्यात येत. नाणे स्वतःजवळ ठेवावे किंवा सामाईक पेटीत टाकावे. पेटीतील प्रत्येक नाण्यामागे चौघांपैकी प्रत्येकास ०.४ नाणे, म्हणजे गटास एकूण १.६ नाणी मिळत. सर्वांनी सर्व नाणी टाकली तर प्रत्येकाच्या २० नाण्यांची ३२ होतात. परंतु टाकणाऱ्यास स्वतःच्या एका नाण्याबद्दल केवळ ०.४ नाणेच परत मिळते. तेव्हा इतरांनी टाकावे आणि आपण मात्र हात आखडता घ्यावा, असा मोह प्रत्येकास होतो. आरंभीच्या डावांत दिसणारी उदारता पुढेपुढे ओसरत जाते, ती यामुळेच. जे फुकटात लाभ घेतात त्यांना पाहून प्रामाणिक माणसेही देणे थांबवितात.

मग खेळाडूंना परस्परांस दंड करण्याची मुभा देण्यात आली. दंड करणाऱ्यासही पदरमोड करावी लागे: त्याने एक नाणे खर्चिले की दंडिताची तीन नाणी जात. शिवाय प्रत्येक डावानंतर गट बदलत असल्यामुळे त्या खर्चाचा मोबदला पुढे मिळण्याची आशा नव्हती. तरीही लोकांनी दंड केला, आणि पेटीतील वर्गणी वाढली. अन्याय पाहून येणारा संताप हीच त्यामागील प्रेरणा होती, असे संशोधकांचे मत पडले.

२००५ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या सिन्याबुगुमा, पेज आणि पटरमन या संशोधकांनी यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या प्रयोगात बहुमताने एखाद्या सभासदास गटातून काढून टाकता येत असे. वर्गणी जवळजवळ शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचली. बाहेर काढले जाण्याची शक्यता डोळ्यांसमोर असली की चुकार माणूसही सरळ वागू लागतो, हे यावरून दिसले.

येथवरचे वाचून कोणास वाटेल की, प्रत्येकाच्या हाती छडी द्यावी म्हणजे झाले. तसे नाही. हेरमन, टोनी आणि गेख्टर यांनी १६ शहरांत असाच खेळ खेळविला व त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. काही ठिकाणी, विशेषतः मस्कत व अथेन्स येथे, चुकारांबरोबरच अधिक वर्गणी देणाऱ्यांनाही दंड होत असल्याचे आढळले! सूडबुद्धीने उगारलेली छडी भल्या माणसाच्याही पाठीवर पडते. मराठी वाचकास याकरिता दूर जावयास नको. वाळीत टाकणे ही रूढी आपल्या परिचयाची आहे. जातपंचायतीच्या एका शब्दासरशी कुटुंबांचे पाणी, व्यवहार आणि सोयरीक तुटत असे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला. तो २०१७ साली अमलात आला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. वाचनालयाचे नियम मोडणाऱ्यास काढणे आणि जातीबाहेर लग्न केले म्हणून एखाद्यास वाळीत टाकणे, या दोन्हींमध्ये शस्त्र एकच आहे. भेद आहे तो कोणत्या कारणासाठी, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या कायद्याच्या चौकटीत ते उचलले जाते, यात.

संमतीचे हे महत्त्व युगांडात मोजले गेले. डेलिया बाल्दासारी आणि गाय ग्रॉसमन यांनी तेथील ५० शेतकरी सहकारी गटांतील १,५४३ शेतकऱ्यांना घेऊन प्रयोग केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. येथे दंडाचा अधिकार सर्वांकडे न ठेवता एकाच देखरेख्याकडे सोपविला होता. काही ठिकाणी तो चिठ्ठी टाकून ठरविला, काही ठिकाणी मतदानाने निवडला. अधिकार दोघांनाही सारखाच होता. परंतु निवडून दिलेल्या देखरेख्याच्या गटांतील वर्गणी अधिक भरली. आपण ज्याला नेमले त्याची आज्ञा माणूस अधिक मनापासून पाळतो.

ही गोष्ट केवळ मनुष्याचीच आहे असे मात्र नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, तेव्हा यर्कीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधन केंद्रात, डुकरासारखी आखूड शेपटी असलेल्या ८४ माकडांचा एक कळप होता. जेसिका फ्लॅक, फ्रान्स द वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे बारकाईने निरीक्षण केले. या जातीत दुय्यम माकड ओठ मागे ओढून, आवाज न करता, दुसऱ्यास दात दाखविते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भांडण नसताना, शांततेच्या वेळीही ही खूण केली जाते. जणू ‘तू वरचढ आहेस, हे मला मान्य आहे’ असेच ते माकड सांगत असते. काही मोजक्या माकडांस अशी खूण जवळजवळ सर्वांकडून मिळते, आणि तीच माकडे इतरांच्या भांडणात निःपक्षपातीपणे मध्ये पडतात. त्यांच्यावर उलटून धावण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. त्यामुळे पंचाचे काम त्यांना स्वस्तात पडते. तेच काम सामान्य माकडाने केले तर त्यास चावे खावे लागतील.

एखादे जनुक निकामी करून त्याचे कार्य ओळखण्याची जीवशास्त्रज्ञांची रीत आहे. तीच येथे योजण्यात आली. अशी तीन पंच माकडे अधूनमधून तात्पुरती बाजूला काढली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: मारामाऱ्या वाढल्या, आणि भांडणानंतरचा समेट कमी झाला. पण केवळ एवढेच घडले नाही. परस्परांचे केस साफ करणे, खेळणे, अंगास अंग लावून बसणे या व्यवहारांतील जोडीदारांची संख्या घटली. माकडे लहानलहान टोळक्यांत विभागली गेली. पंच असताना एखादे माकड अनोळख्याशी खेळावयास जाण्याचा धोका पत्करीत असे. पंच दिसेनासे झाल्यावर ते आपल्याच ओळखीच्यांजवळ बसून राहू लागले.