टेनेसीचा उन्हाळा, पाणी मात्र गारठलेलं

जुलैत अमेरिकेच्या टेनेसी राज्यात पारा तिशीपार जातो, पण साउथ होल्स्टन नदीत वेडर (मासेमारीची जलरोधक विजार) घालून उतरलं तरी पाय गारठतात. ही धरणाची करणी. १९५० मध्ये पूर्ण झालेल्या साउथ होल्स्टन धरणातून वीजनिर्मितीसाठी जलाशयाच्या खोल थरातलं पाणी सोडतात. उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर राहतं, गार आणि जड पाणी तळाशी. विशीपलीकडच्या तापमानात ट्राउट माशाची दमछाक होते, त्यामुळे एरवी इथे उन्हाळ्यात त्याचा निभाव लागला नसता.

पण तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी. म्हणून धरण चालवणाऱ्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये धरणाखाली नागमोडी बंधारा बांधला. त्यावरून कोसळताना पाण्यात हवा मिसळते.

इथलं खरं आकर्षण म्हणजे ‘सल्फर’ ही पिवळसर मेफ्लाय (एक उडणारा कीटक). उन्हाळाभर ती पाण्यातून वर येत राहते, आणि ब्राउन ट्राउट ती टिपायला पृष्ठभागावर येतात. मासे भलते चोखंदळ! त्यांना फसवायला हवी १६-१८ नंबरच्या हुकवर बांधलेली छोटी कृत्रिम माशी, लांब लीडर (दोरीच्या पुढचा पारदर्शक धागा) आणि त्याच्या टोकाला बारीक टिपेट. माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवी. दोरीने जरा ओढली, की मासा तोंड फिरवतो. माझ्या मते महागड्या रॉडपेक्षा हे जमणं मोलाचं.

टर्बाइन सुरू झाली की पाणी झपाट्याने चढतं, म्हणून ऑथॉरिटीचं विसर्गाचं वेळापत्रक बघूनच उतरा. मासेमारीच्या परवान्यासोबत ट्राउटची वेगळी परवानगीही लागते.